सहा आठवड्यांत कॉलेजचा फुटबॉल संघ कसा उभा करायचा

व्यावसायिक क्लबचं प्रशिक्षकपद अवघड की कॉलेजच्या संघाचं, हा वाद क्रीडा विभागाच्या खोलीत चहाबरोबर हमखास निघतो. नुसत्या डावपेचांचं पाहिलं तर क्लबचं काम अवघड. समोरचा संघ तुमचे मागचे सामने व्हिडिओवर बघून आलेला असतो आणि निकाल बिघडले की मालक सरळ दुसरा माणूस आणतो. पण त्या प्रशिक्षकाकडे करारावरचे पंचवीस-तीस खेळाडू असतात, गोलरक्षकांसाठी वेगळा प्रशिक्षक असतो, फिजिओ असतो, मैदानाला पाणी मारणारा माणूससुद्धा असतो. मराठवाड्यातल्या कॉलेजात हे सगळं एकट्या शारीरिक शिक्षण संचालकाच्या अंगावर येतं, आणि तोच कबड्डीचा, खो-खोचा संघही नेतो. शिवाय क्लब एक सामना हरला तर लीगमध्ये पुढचा सामना असतोच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची. पहिल्याच सकाळी हरलात तर दुपारच्या एसटीने परत.

अमेरिकेत हा वाद त्यांच्या फुटबॉलबद्दल चालतो. तो खेळ वेगळा, चेंडू हातात धरून पळायचा. पण दाखला उपयोगी आहे. निक सेबन यांनी मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाबरोबर 2005 आणि 2006 असे दोन हंगाम काढले, 15 सामने जिंकले, 17 हरले. नंतर अलाबामा विद्यापीठाला त्यांनी सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. अर्बन मायर यांनी कॉलेजात तीन विजेतेपदं जिंकली, पण 2021 मध्ये जॅक्सनव्हिलच्या व्यावसायिक संघाने त्यांना पहिला हंगाम संपायच्या आतच काढलं. उलट पीट कॅरोल दोन्हीकडे जिंकले. दोन्ही कामांना लागणारे गुण वेगळे आहेत, एवढं यातून नक्की दिसतं.

आमचं मत विचाराल तर आपल्याकडे कॉलेजचं काम जास्त अवघड, कारण क्लबचा प्रशिक्षक खेळाडू निवडतो आणि कॉलेजचा प्रशिक्षक प्रवेशयादीत जे आले त्यांच्यातून अकरा काढतो. तेव्हा क्लबची नक्कल करायच्या फंदात पडू नका. थोडंच शिकवा, पण ते इतक्या वेळा करून घ्या की दमलेल्या पोरालाही चुकणार नाही.

आधी तास मोजा

कागदावर सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज दीड तास म्हणजे 45 तास होतात. त्यातून पाऊस, गणपती, अंतर्गत चाचण्या आणि सोयाबीनची काढणी वजा करा. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत शेतकऱ्यांची पोरं चार-आठ दिवस गावाकडे जाणारच. त्यांना हजेरीवरून झापून काही होत नाही. कोण कधी जाणार हे पहिल्याच आठवड्यात विचारून वहीत लिहा. बीडकडची काही मुलं दसऱ्यानंतर आई-वडील ऊसतोडीला गेले की घर सांभाळायला मागे राहतात, त्यांची संध्याकाळ धरता येत नाही. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी सराव ठेवू नका, नाहीतर चांगले तीन-चार खेळाडू हमखास गैरहजर.

एवढं वजा करून 25 तास उरले तर नशीब समजा. दीड तासाचे सतरा सराव. त्यातले साडेपाच तास वॉर्म-अपमध्ये जातात. उरलेल्या वीस तासांची वाटणी आम्ही अशी सुचवतो: छोट्या मैदानावरचे खेळ 8 तास, बचावाची रचना 5, कॉर्नर-फ्रीकिक-थ्रो 4, गोलवर फटके 3. सराव सामने वेगळे धरा, किमान दोन, आणि ते शेवटच्या पंधरा दिवसांत. नुसतं पळण्यासाठी वेगळा वेळ दिलेला नाही. तो चेंडूसकट होतो.

कागदपत्रं पहिल्या आठवड्यात

हे कंटाळवाणं काम आहे, आणि संघ सर्वाधिक इथेच बाद होतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. वयाची अट, संघात किती नावं, बदली खेळाडू किती, सामना किती मिनिटांचा हे दरवर्षीच्या परिपत्रकात पाहा. मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. आंतरराष्ट्रीय नियमांत पाच बदली आहेत म्हणून तुमच्या स्पर्धेतही पाचच असतील असं नाही. प्रत्येकाची दहावीची सनद, बारावीचं गुणपत्रक, बोनाफाइड, ओळखपत्र आणि फोटो एका फाइलमध्ये लावा, झेरॉक्सचे दोन संच करा. दहावीच्या सनदेवरचं आणि प्रवेश अर्जावरचं नाव जुळत नाही हा नेहमीचा घोळ. तो मैदानावर सुटत नाही, कार्यालयात आठ दिवस आधी सुटतो.

निवड

पहिल्या दिवशी चाळीस जण येतील. त्यातले बरेच पोलीस भरतीची तयारी करणारे असतात. त्यांचा दम चांगला असतो, पण 1600 मीटर एका लयीत पळायची सवय पायात बसलेली असते. फुटबॉलमध्ये दहा-वीस मीटर फुटायचं, थांबायचं, वळायचं आणि पुन्हा फुटायचं असतं. म्हणून लांब पळवून निवडू नका. 30 मीटरच्या सहा धावा लावा, मध्ये 20 सेकंद विश्रांती. पहिली आणि सहावी वेळ दोन्ही लिहा. पहिली उत्तम आणि सहावी फारच पडलेली, तर तो विंगर (कडेने हल्ला करणारा) किंवा बदली खेळाडू. दोन्हींत फारसा फरक नाही, तर मधल्या फळीत बघा.

मग 25 बाय 20 मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध चार खेळवा आणि शिट्टी खिशात ठेवा. दोनच गोष्टी पाहा: चेंडू येण्याआधी कोण मान वळवून बघतो, आणि चेंडू गेल्यावर कोण उभा राहतो. ड्रिबलिंगवर भाळू नका. मोहल्ल्यातल्या छोट्या मैदानावर तीन जणांना चकवणारा पोरगा मोठ्या मैदानावर तेच करतो, चौथ्याला चेंडू देऊन बसतो, आणि प्रतिहल्ला आपल्याच गोलवर येतो. असा खेळाडू संघात हवाच, पण समोरच्या गोलपासून तीस मीटरच्या आत.

गोलरक्षक बहुतेक कॉलेजांत नसतोच. तो फुटबॉलवाल्यांत शोधण्याऐवजी व्हॉलीबॉलच्या मैदानावर शोधा, किंवा क्रिकेटचा यष्टिरक्षक आणा. उंची, हात आणि चेंडूला न घाबरणं तयार मिळतं. त्याला तीनच गोष्टी शिकवा. छातीच्या वरच्या चेंडूला अंगठे जवळ आणि बोटं पसरलेली. जमिनीवरच्या चेंडूला एक गुडघा खाली, म्हणजे पायांमधून जात नाही. पडताना कुशीवर, कोपरावर नाही. रोज वीस मिनिटं, मऊ जागेवर. मुरमावर पडायला लावलंत तर तिसऱ्या दिवशी तो येणार नाही. एक नवा नियमही त्याला सांगा: 2025-26 च्या नियमांनुसार गोलरक्षकाने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला की समोरच्याला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजतात.

अंतिम यादी अठरा-वीसची करा आणि प्रत्येक जागेला दोन नावं ठेवा. दुसरा गोलरक्षक हवाच, त्यात काटकसर नाही.

मैदान आणि चेंडू

आपल्याकडे मैदान दोन प्रकारचं. काळ्या मातीचं पावसात चिखल होतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात भेगाळतं. मुरमाचं पाणी पिऊन टाकतं पण गुडघे सोलतं. भेगा असल्या तर सरावाआधी मैदानाची एक फेरी मारा, बोट जाईल एवढी भेग दिसली की माती भरून दाबा. घोट्याची बरीच दुखणी अशी टळतात. मुरमावर आधी खडे वेचून घ्या, वीस पोरं एका रांगेत चालली की पाच मिनिटांचं काम आहे. ओल्या काळ्या मातीवर सराव करूच नका. बुटांखाली मातीचे गोळे धरतात, पाय मुरगळतो, आणि ते मैदान वाळलं की खडबडीत राहतं. त्या दिवशी वर्गात फळ्यावर कॉर्नरच्या जागा करून घ्या.

आखणी फक्कीने. काटकोनासाठी सुतळीला आधी 3, मग पुढे 4, मग पुढे 5 मीटर अंतरावर गाठी मारून त्रिकोण ताणा. पूर्ण मैदान नसलं तरी पेनल्टी क्षेत्र मापातच आखा: गोल 7.32 मीटर रुंद, क्षेत्र 16.5 मीटर खोल, पेनल्टीचा ठिपका 11 मीटरवर. गोलरक्षकाची जागा आणि फटक्याचा अंदाज यावरच बसतो.

चेंडू पाच नंबरचा, 410 ते 450 ग्रॅम. दोन खेळाडूंमागे एक हवा, म्हणजे दहा. निदान सहा तरी. हवेचा दाब नियमाने 8.5 ते 15.6 पीएसआय चालतो. कडक मैदानावर खालच्या टोकाला, नऊच्या आसपास ठेवा, नाहीतर प्रत्येक पास गुडघ्याएवढा उसळतो आणि दोष पोरांना लागतो. गेज लावलेला पंप घ्या, सुया जास्तीच्या घ्या.

दीड तास कसा लावायचा

पहिली वीस मिनिटं ‘फिफा 11+’ हा वॉर्म-अप. आठ मिनिटं हळू धावण्याचे सहा प्रकार, दहा मिनिटं ताकद, उडी आणि तोलाचे सहा, शेवटची दोन मिनिटं वेगवान धावण्याचे तीन. चेंडू आणि खुणांपलीकडे साहित्य लागत नाही. यातला मांडीच्या मागच्या स्नायूंचा नॉर्डिक व्यायाम पोरं टाळतात, कारण दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात. सुरुवातीला तीनच वेळा करा, हळूहळू वाढवा. गुडघ्यावर बसून पुढे झुकताना कंबरेत वाकलात तर त्याचा उपयोग शून्य. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत एक सरळ रेघ.

पुढे पंधरा मिनिटं चार विरुद्ध दोन, आठ बाय आठ मीटरच्या चौकोनात: चौघांनी चेंडू राखायचा, दोघांनी हिसकावायचा. मैदान खडबडीत असेल तर दहा बाय दहा. दोनच स्पर्शांत पास द्यायची अट पहिल्या आठवड्यात घालू नका, चेंडू टिकतच नाही आणि पोरं कंटाळतात. तिसऱ्या आठवड्यापासून घाला.

मग पाच विरुद्ध पाच, 40 बाय 30 मीटर, चार मिनिटांचे चार डाव, मध्ये तीन मिनिटं थांबा. दम वाढवायचं खरं काम इथे होतं, म्हणून चेंडू बाहेर गेला की लगेच दुसरा आत टाका. तिसऱ्या डावात पोरं चालायला लागली तर मैदान लहान करा, ओरडू नका. उरलेल्या वेळात त्या दिवसाचा एकच विषय: बचाव, कॉर्नर किंवा फटके. दोन विषय घेतले की दोन्ही अर्धे राहतात.

बचाव: सगळ्यात जास्त मेहनत इथे

रचना 4-4-2 घ्या, म्हणजे मागे चार, मधे चार, पुढे दोन. टीव्हीवर क्लब काहीही खेळोत, पंचवीस तासांत हीच शिकवून होते: प्रत्येकाला शेजारी एक जोडीदार, पुढे एक रांग, मागे एक रांग. तीन बचावपटूंची रचना मोहात पाडते, पण तिथे बाजूच्या खेळाडूला दोन माणसांचं काम करावं लागतं आणि तसा दम कॉलेजच्या एखाद्याच मुलात असतो.

मागच्या चौघांच्या हातात सुतळी द्या, दोघांमध्ये आठ मीटर. कंबरेला बांधू नका, पडतील. तुम्ही चेंडू घेऊन चालत डावीकडे जा, उजवीकडे जा. सुतळी ढिली पडू न देता चौघांनी सरकायचं. दोन दिवस फक्त चालत. मग मधले चौघे त्यांच्यापुढे दहा-बारा मीटरवर उभे करा आणि आठही जणांना एकत्र सरकवा. चेंडू डाव्या कडेला असताना उजवा बचावपटू आपल्या गोलच्या दूरच्या खांबासमोर आलेला पाहिजे. तो कडेलाच उभा राहतो, ही सगळ्यात सामान्य चूक. त्याला वाटतं आपला माणूस मोकळा सुटेल. त्याला समजावून सांगा की तिकडे चेंडू पोचायला चाळीस मीटरचा उंच पास लागतो आणि तेवढ्या वेळात तो परत पोचतो.

चेंडू मध्यरेषा ओलांडेपर्यंत समोरच्याला दाबायला जाऊ नका. आघाडीचे दोघे मध्यवर्तुळापाशी थांबतील, समोरच्याला कडेला जायला लावतील. वरपासून दाबणं क्लबला परवडतं, कारण सगळे एकाच क्षणी निघतात. कॉलेजात दोघे निघतात, आठ बघत राहतात आणि मधे भगदाड पडतं. ऑफसाइडचा सापळाही (सगळी बचावरांग एकदम पुढे काढून समोरच्याला ऑफसाइडमध्ये अडकवणं) नको. तुमचा एखादा बचावपटू अर्धा सेकंद मागे राहणारच, आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यात रेषेवरचा पंच कसलेला असेलच याचा भरवसा नाही.

हाका ठरवून द्या, मराठीत, एका शब्दाच्या. “मागं” म्हणजे पाठीवर माणूस आहे. “एकटा” म्हणजे वेळ आहे, वळ. “चढा” म्हणजे सगळी रांग पुढे. हाक गोलरक्षकाने आणि मधल्या बचावपटूंनी द्यायची. प्रशिक्षकाने बाहेरून नव्वद मिनिटं ओरडलं की पोरं आपसांत बोलायचं बंद करतात.

कॉर्नर, थ्रो, पेनल्टी

खडबडीत मैदानावर सहा पासांची सुंदर चाल कमी आणि थांबलेल्या चेंडूवरचे गोल जास्त होतात. चार तास याच हिशेबाने दिले आहेत.

आपल्यावर कॉर्नर असताना: जवळच्या खांबाशी एक, गोलसमोरच्या साडेपाच मीटरच्या रेषेवर तीन उंच खेळाडू, चार जणांनी माणूस धरायचा, एक पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर सुटलेल्या चेंडूसाठी आणि एक पुढे. झाले दहा, गोलरक्षक अकरावा. पुढचा एक मागे ओढू नका, तो असला की समोरचे दोन जण मागे थांबतात. आपला कॉर्नर असताना दोनच प्रकार: जवळच्या खांबाला जोरात, आणि पेनल्टीच्या ठिपक्यावर उंच. मारणारा हात वर करून सांगेल, एक हात म्हणजे पहिला, दोन म्हणजे दुसरा. समोरच्याला कळलं तरी काही बिघडत नाही, आपल्या पोरांना कळणं महत्त्वाचं.

थ्रोवर थेट ऑफसाइड नसतो, हे निम्म्या संघांना ठाऊक नसतं; आघाडीवाल्याला बचावपटूंच्या मागे उभं करून लांब फेका. गोलकिक मात्र आखूड खेळू नका. आपल्या मैदानावर आपल्याच गोलसमोर चेंडू एकदा वाकडा उसळला की विषय संपला.

पेनल्टी किक्सचा क्रम आधीच लिहून ठेवा, पाच नव्हे आठ नावं. सामना संपताना मैदानावर असलेलेच खेळाडू किक घेऊ शकतात, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत बदली करताना यादी खिशातून काढून बघा. सरावाच्या शेवटी, पोरं दमलेली असताना, प्रत्येकाने एकच पेनल्टी मारायची. एकच, कारण सामन्यातही दुसरी संधी नसते.

प्रवास, खाणं, ऊन

उमरग्याहून संभाजीनगरला जायचं तर तीनशेहून जास्त किलोमीटर होतात. रात्रीच्या एसटीने निघून सकाळी नऊला सामना खेळवला तर पहिल्या वीस मिनिटांत गोल खाल. प्रवासभत्त्याचं पत्र आधी काढून आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, हॉस्टेलवर किंवा ओळखीच्या कॉलेजात सोय लावा.

नऊच्या सामन्याला सहा वाजता नाश्ता: पोहे किंवा सुशीला (फोडणीचे चुरमुरे), तेल कमी, सोबत दोन केळी. बसस्टँडवरची मिरचीभजी सामना झाल्यावर. नवरात्रात उपवास करणारा खेळाडू असेल तर साबुदाण्याची खिचडी तीन तास आधी आणि वाटेत राजगिऱ्याचा लाडू, पाणी मात्र भरपूर. निर्जळी करत असेल तर त्याला त्या दिवशी बसवा. एरवी रोजच्या सरावानंतर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि गूळ पुरतात. पावडरीच्या डब्यांमागे लागू नका.

सामन्याच्या दोन-तीन तास आधी अर्धा लिटर पाणी, नंतर दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-सहा घोट. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घालायचं; नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सपाट सहा चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर उलटी होते. एखादा पोरगा उन्हात असंबद्ध बोलू लागला, लडखडला, तर तो दमला असं समजू नका: सावलीत घ्या, अंगावर थंड पाणी ओता, 108 ला फोन करा.

घोटा मुरगळला तर फडक्यात गुंडाळून बर्फ पंधरा-वीस मिनिटं, चोळायचं नाही. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे. डोक्याला मार लागून क्षणभरही भोवळ आली तर तो खेळाडू त्या दिवशी परत मैदानात जात नाही, मग तो कर्णधार असो आणि सामना अंतिम असो. तो “मी बरा आहे सर” म्हणणारच.

स्पर्धेनंतर

विद्यापीठाच्या संघाची निवड बहुधा स्पर्धेच्या वेळीच किंवा लगेच होते. हरलेल्या संघातूनही खेळाडू घेतले जातात, म्हणून पराभवानंतर पोरांना लगेच बसमध्ये भरू नका. निवड समितीला कोणाला पाहायचं आहे ते विचारा. प्रमाणपत्रांवरची नावं जागेवरच तपासा. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या स्तरावरच्या कोणत्या कामगिरीचं प्रमाणपत्र चालतं हे शासन निर्णयात ठरलेलं आहे आणि पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयातून होते. नुसत्या सहभागाच्या कागदावर नोकरीची आशा दाखवू नका.

दर तीन वर्षांनी तुमचा सगळा संघ पदवी घेऊन निघून जातो. क्लबला ही अडचण नाही, तो करार वाढवतो. त्यावर उपाय एकच: वीसच्या यादीत पहिल्या वर्षाचे किमान सहा जण, त्यात दुसरा गोलरक्षक, आणि जानेवारी ते मार्च आठवड्यातून दोन दिवस, सकाळी साडेसहाला, त्यांचे पाच-पाचचे सामने. एप्रिलपासून ऊन पाहून बंद करा. सुतळी, गेज आणि खेळाडूंची वही कपाटात कुलूपबंद ठेवा, म्हणजे जूनमध्ये नव्याने शोधाशोध होत नाही.